निवडून आलेला पक्ष आणि मध्यम मार्ग

निवडणुकीचा निकाल लागून एखादा पक्ष मोठ्या मताधिक्यानें अधिकारारूढ झाला, म्हणजे विजयोत्सवाचा गुलाल धुऊन निघण्यापूर्वींच एक प्रश्न विचारला जाऊं लागतो. हा पक्ष आतां आपल्या कडव्या अनुयायांच्या मनाजोगें राज्य चालवील, कीं सर्वांस सोसवेल असा मध्यम मार्ग धरील? वर्तमानपत्रकार हा प्रश्न विचारतात, व्यापारी विचारतात, पेन्शनर विचारतात. आणि ज्यांनीं त्या पक्षाला मत दिलें नाहीं ते तर फारच कळकळीनें विचारतात. हरलेल्या मनुष्याच्या ठिकाणीं मध्यम मार्गाविषयींचें प्रेम फार त्वरेनें उत्पन्न होतें, आणि जिंकलेल्याला तोच मार्ग एकाएकीं मिळमिळीत वाटूं लागतो, हा मनुष्यस्वभाव सर्व देशांत सारखाच आहे.

आमच्याकडे 'केंद्र' म्हटलें कीं दिल्लीचें सरकार डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हणून घोटाळा टाळण्यासाठीं या लेखांत आम्हीं 'मध्य' हा शब्द योजिला आहे. दोन टोकांच्या मतांपासून सारख्या अंतरावर असणारें जें धोरण, तें मध्याचें धोरण, असा त्याचा रूढ अर्थ. वरवर पाहतां हा अर्थ सरळ दिसतो. परंतु भूमितींत रेषेचा मध्यबिंदु काढावयाचा तर तिचीं दोन्ही टोकें आधीं स्थिर असावीं लागतात. राजकारणांत टोकें स्थिर नसतात. आज जें टोक म्हणून हिणविलें जातें तेंच वीस वर्षांनीं मध्य होऊन बसतें, आणि कालचा मध्य अडगळींत जातो. शिवाय रेषा कोणीं आंखली, तिच्यावर कोणाकोणाचीं मतें मांडलीं आणि कोणाचीं मांडलींच नाहींत, हाहि प्रश्न उरतोच. तेव्हां विजयी पक्ष मध्यावरून राज्य करील काय, असें विचारण्यापूर्वीं हा मध्य कोणीं मोजला, हें विचारणें अधिक अगत्याचें आहे.

या बाबतींत आमच्या जुन्या शास्त्रकारांचा विचार पाहण्याजोगा आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणांत राजमंडळ वर्णिलें आहे. त्यांत 'मध्यम' नांवाचा एक राजा येतो. हा मध्यम म्हणजे दोघांच्या भांडणांत गप्प बसणारा भिडस्त गृहस्थ नव्हे. विजिगीषु आणि त्याचा शत्रु या दोघांच्याहि सीमेला ज्याची भूमि भिडली आहे, त्या दोघांवर अनुग्रह करण्याचें आणि त्यांच्यांत एकी नसेल तर त्यांचा निग्रह करण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं आहे, तो मध्यम. म्हणजे मध्यमाला दोन्ही बाजूंचा शेजार हवा आणि अंगीं बळहि हवें. पुढें तेराव्या अधिकरणांत 'लब्धप्रशमन', म्हणजे नव्यानें मिळविलेल्या प्रदेशाची शांतता कशी करावी, याचा विचार आहे. तेथें दोन उपदेश जोडीनें आले आहेत. जिंकणाऱ्यानें ज्यांना जें वचन दिलें असेल तें पुरें करावें, कारण वचन मोडणारा आपल्यांना आणि परक्यांना सारखाच अविश्वसनीय होतो. आणि त्याच वेळीं प्रजेचें शील, वेष, भाषा व आचार यांशीं जुळवून घ्यावें, कारण प्रजेविरुद्ध वागणाराहि तसाच अविश्वसनीय. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर आपल्या मतदारांशीं इमान राखणें आणि आपल्याला मत न दिलेल्यांचा विश्वास संपादणें, हीं दोन कर्तव्यें विजयी पक्षावर एकदमच येऊन पडतात. एक पाळावें तर दुसरें बिघडेल असें वाटतें, आणि कसोटी येथेंच लागते.

हें सर्व नुसतें सिद्धान्तरूपानें न सांगतां एका पक्षाच्या इतिहासावरून पाहूं. इंग्लंडांतील मजूर पक्ष हें त्यासाठीं चांगलें उदाहरण आहे. कारण हा पक्ष अनेकदां अधिकारावर आला, दर वेळीं हाच प्रश्न त्याला विचारला गेला, आणि दर वेळीं त्यानें निराळें उत्तर दिलें. शिवाय त्यांतील दोन उत्तरांचा परिणाम आम्हां हिंदी लोकांच्या प्रत्यक्ष वाट्यास आला. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठीं १९१८ सालीं विलायतेस गेले, तेव्हां खटल्याच्या कामाबरोबरच त्यांनीं या पक्षाच्या पुढाऱ्यांशीं स्नेह जोडला होता, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

पक्षाची स्थापना १९०० सालची. 'मजूर पक्ष' हें नांव त्यानें १९०६ मध्यें घेतलें. १९१८ च्या घटनेंतील चवथ्या कलमांत उत्पादनाचीं साधनें समाजाच्या मालकीचीं व्हावीं, असें ध्येय त्यानें लिहून ठेविलें. १९२४ च्या जानेवारींत रॅम्से मॅक्डोनल्ड मुख्य प्रधान झाले आणि १९२९ च्या जूनमध्यें पुनः झाले. परंतु दोन्ही वेळां पार्लमेंटांत पक्षाचें स्वतःचें बहुमत नव्हतें. उदारमतवाद्यांच्या आधारावर सरकार तगवावयाचें होतें. त्यामुळें मध्याचें धोरण त्यांनीं निवडलें असें म्हणण्यापेक्षां तें त्यांच्या गळ्यांत पडलें, असें म्हणणें युक्त होईल. आपण जबाबदार आहों, साम्राज्य आपल्या हातीं सुरक्षित आहे, हें जगाला पटविण्याची त्यांना मोठी निकड होती.

त्याचा अनुभव महाराष्ट्रास आला. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरास लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांस येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. फांशीचा हुकूम लंडनहून निघाला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या सरकारच्या अमदानींत हें घडलें तें सरकार मजूर पक्षाचें होतें, ही गोष्ट खरी. त्याच वेळीं लंडनमध्यें पहिली गोलमेज परिषद भरलेली होती. आणि फांशीनंतर सातच दिवसांनीं, १९ जानेवारीस, मॅक्डोनल्डसाहेबांनीं परिषदेचा समारोप करतांना हिंदुस्थानास जबाबदार राज्यपद्धतीचें आश्वासन दिलें. पुढें गांधीजींची सुटका झाली, मार्चांत गांधी-आयर्विन करार झाला, आणि या वाटाघाटींवर चर्चिलसाहेबांनीं आग पाखडली. लंडनच्या दृष्टीनें एका बाजूस चर्चिल, दुसऱ्या बाजूस सत्याग्रही, आणि बरोबर मध्यभागीं मॅक्डोनल्ड, असें हें चित्र होतें. परंतु सोलापुरांतील त्या चार घरांतून पाहतां तो मध्य कोठें दिसत होता? ज्यांच्यावर राज्य चालावयाचें, त्यांचें मत त्या रेषेवर मांडलेलेंच नव्हतें. पार्लमेंटांतील पक्षांच्या मध्यें उभें राहिलें म्हणजे न्यायाच्या मध्यभागीं उभें राहिलें, असें होत नाहीं, हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याच सालीं ऑगस्टांत मिळाला. आर्थिक संकटांत बेकारांच्या भत्त्यांत कपात करावी कीं नाहीं, यावरून मंत्रिमंडळ फुटलें; मॅक्डोनल्डसाहेब हुजूर पक्षाच्या मदतीनें 'राष्ट्रीय' सरकारचे मुख्य प्रधान झाले आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षानें त्यांना काढून टाकलें. ऑक्टोबरच्या निवडणुकींत मजूर पक्षाचे अवघे ५२ सभासद निवडून आले. दोघांच्या मध्यें उभा असलेला पुढारी पाहतां पाहतां एका बाजूचा होऊन गेला. कौटिल्याच्या मध्यमाला बळ लागतें, तें कां, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

खरा विजय १९४५ सालीं मिळाला. २६ जुलै रोजीं निकाल जाहीर झाले आणि ६४० पैकीं ३९३ जागा मजूर पक्षाकडे गेल्या. ज्या चर्चिलसाहेबांनीं राष्ट्रास युद्धांतून तारून नेलें, त्यांचा असा पराभव होईल, हें फार थोड्यांच्या ध्यानीं आलें होतें. प्रचाराच्या वेळीं त्यांनीं रेडिओवरील भाषणांत, समाजवादी राज्य आलें तर त्याला गेस्टापोसारखी गुप्त पोलिसांची यंत्रणा ठेवावी लागेल, असा धाक घातला होता. मुख्य प्रधान झाले ते क्लेमंट ॲटली. मितभाषी, दिखाऊपणाचा तिटकारा असलेले, आणि पांच वर्षें चर्चिलांच्याच युद्धमंत्रिमंडळांत बसून काम केलेले.

या सरकारनें मध्याचें धोरण धरलें काय? वरवर पाहतां मुळींच नाहीं. १९४६ च्या मार्चांत बँक ऑफ इंग्लंड सरकारच्या मालकीची झाली; १ जानेवारी १९४७ रोजीं कोळशाच्या खाणी आणि १ जानेवारी १९४८ रोजीं रेल्वे त्याच मार्गानें गेल्या; आणि ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन गरीब-श्रीमंत सर्वांस औषधोपचार फुकट मिळूं लागला. जाहीरनाम्यांतील एकेक कलम त्यांनीं क्रमानें अंमलांत आणलें. वचन पाळण्याचा पहिला उपदेश त्यांनीं अक्षरशः पाळला.

तथापि थोडें खोलांत शिरून पाहिलें तर या इमारतीचे चिरे नाना खाणींतून आणलेले दिसतात. १९४२ च्या डिसेंबरांत सामाजिक विम्याची योजना मांडणारे सर विल्यम बेव्हरिज उदारमतवादी; बेकारी हटविण्याचा अर्थशास्त्रीय विचार देणारे केन्स हेहि उदारमतवादी; १९४४ चा शिक्षणाचा कायदा करणारे बटलर तर हुजूर पक्षाचे. युद्धाच्या पांच-सहा वर्षांत सर्व वर्गांच्या लोकांना एकाच रेशनच्या रांगेंत उभें राहण्याची संवय झाली होती. म्हणजे लोकमत आधींच सरकलें होतें, आणि मजूर पक्षानें तें ओळखलें.

आरोग्यसेवेचा जन्म कसा झाला हें तर विस्तारानें सांगण्यासारखें आहे. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे पक्षाच्या डाव्या टोकाचे म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या बिलाविरुद्ध हुजूर पक्षानें १९४६ सालीं पार्लमेंटांत मत दिलें. डॉक्टरांच्या संघानें १९४८ च्या फेब्रुवारींत आपल्या सभासदांचीं मतें घेतलीं, तेव्हां प्रचंड बहुमत योजनेच्या विरुद्ध पडलें. डॉक्टरांवांचून दवाखाने चालत नाहींत. तेव्हां योजना बुडाली असेंच पुष्कळांस वाटलें. बेव्हन यांनीं काय केलें? सेवा सर्वांना आणि ती फुकट, हें तत्त्व त्यांनीं तिळभरहि ढळूं दिलें नाहीं. परंतु मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना इस्पितळाची नोकरी सांभाळून खासगी रोगी पाहण्याची मुभा दिली, आणि सामान्य डॉक्टरांना सरकारचे निव्वळ पगारी नोकर केलें जाणार नाहीं, असें कायद्यानें लिहून देण्याचें कबूल केलें. कांहीं महिन्यांतच विरोध मावळला. तत्त्व कोणतें आणि तपशील कोणता, हें ज्याला नीट निवडतां येतें त्यालाच तडजोड साधते. तत्त्व सोडून तपशील राखणारा मनुष्य हट्टीहि ठरतो आणि पोकळहि ठरतो.

पुढें १९५१ सालीं मोठा विलक्षण प्रकार घडला. मजूर पक्षास शेंकडा ४८.८ मतें पडलीं आणि हुजूर पक्षास शेंकडा ४८. तरी जागा मजूर पक्षास २९५ व हुजूर पक्षास ३२१ मिळाल्या. अधिक मतें मिळवून मजूर पक्ष हरला आणि चर्चिलसाहेब परत आले. सहा वर्षांपूर्वीं गेस्टापोची भीति घालणारे हे गृहस्थ आतां सर्व उलथून टाकतील, असें कोणासहि वाटलें असतें. त्यांच्या सरकारनें पोलादाचे कारखाने आणि मालवाहतुकीच्या मोटारी खासगी मालकीकडे परत नेण्याचें सुरू केलें खरें. परंतु खाणी, रेल्वे, बँक आणि आरोग्यसेवा होती तेथेंच राहिली. आरोग्यसेवेंत उधळपट्टी चालली आहे काय, हें पाहण्यास १९५३ सालीं एक समिति नेमण्यांत आली. तिनें १९५६ मध्यें उधळपट्टी नसल्याचा निर्वाळा दिला. ज्या पक्षानें विरुद्ध मत दिलें त्याच पक्षानें ती सेवा पुढें तेरा वर्षें चालविली. ॲटलींचें सरकार मध्याकडे चालत गेलें नव्हतें. मध्यच त्याच्या घरीं येऊन राहिला.

हिंदुस्थानच्या प्रश्नांतहि असेंच घडलें. ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं मुंबईस उतरलेल्या ज्या सायमन कमिशनचें स्वागत काळ्या निशाणांनीं झालें, त्याचे ॲटली हे एक सभासद होते. त्याच ॲटलींनीं २० फेब्रुवारी १९४७ रोजीं, जून १९४८ पर्यंत सत्ता हिंदी लोकांच्या हातीं देऊं, असें जाहीर केलें. मार्चांतील वादविवादांत हुजूर पक्षानें त्याला विरोध केला. जुलैंत स्वातंत्र्याचें बिल आलें तेव्हां मात्र त्यानें वाट अडविली नाहीं, आणि १८ जुलै रोजीं बिलास राजाची संमति मिळाली. १९३१ सालीं जें बोलणें पार्लमेंटांत टोकाचें वाटत होतें, तें सोळा वर्षांनीं सर्वसंमत झालें. या एकमतालाहि दुसरी बाजू आहे, ती विसरतां कामा नये. जून १९४८ ची मुदत ऑगस्ट १९४७ वर आली, फाळणीची रेषा घाईनें ओढली गेली, आणि पंजाबांत व बंगालांत लाखों कुटुंबें उघड्यावर पडलीं. वेस्टमिन्स्टरमध्यें सर्व पक्षांचें जुळलें म्हणून त्यांचे हाल टळले नाहींत. येथेंहि सोलापुरचाच प्रश्न पुनः विचारावा लागतो कीं, हा मध्य कोणीं मोजला?

यानंतरचा मोठा विजय १९९७ चा. १९७९ पासून अठरा वर्षें मजूर पक्ष अधिकाराबाहेर होता. त्या अवधींत श्रीमती थॅचर यांनीं सरकारी उद्योग विकून आणि कामगारसंघांचें बळ मोडून रेषेचा मध्य उजवीकडे पुष्कळच ओढून नेला होता. टोनी ब्लेअर यांनीं या नव्या मध्यावर आपलें बिऱ्हाड नेलें. १९९५ च्या एप्रिलांत खास परिषद भरवून घटनेंतील तें जुनें चवथें कलम बदललें, आणि हुजूर पक्षानें ठरविलेल्या खर्चाच्या मर्यादा पहिलीं दोन वर्षें पाळूं, असें अभिवचन निवडणुकीपूर्वींच दिलें. १ मे १९९७ रोजीं ६५९ पैकीं ४१८ जागा त्यांना मिळाल्या. येथें प्रश्नच नव्हता. मध्यावरून राज्य करूं असें सांगूनच हा पक्ष निवडून आला होता.

त्यानें केलेल्या गोष्टींत टिकाऊ ठरल्या त्या कोणत्या? व्याजाचा दर ठरविण्याचा अधिकार त्यानें पहिल्याच आठवड्यांत बँक ऑफ इंग्लंडकडे सोंपविला. १९९९ च्या एप्रिलपासून तासाला ३ पौंड ६० पेन्स असें किमान वेतन कायद्यानें बांधून दिलें. यानें रोजगार बुडतील, असें हुजूर पक्ष म्हणत होता. २००० सालीं त्याच पक्षानें या दोन्ही गोष्टींचा विरोध सोडला, आणि २०१६ सालीं त्याच्याच सरकारनें किमान वेतनांत स्वतः मोठी वाढ केली. बेव्हन यांच्या आरोग्यसेवेप्रमाणें हेंहि काम प्रतिपक्षाच्या हातून तावूनसुलाखून निघालें.

परंतु याच सरकारच्या कारकीर्दींत मध्याच्या धोरणाचा दुसरा चेहराहि दिसला. १८ मार्च २००३ रोजीं इराकवर स्वारी करण्याचा ठराव कॉमन्स सभेंत ४१२ विरुद्ध १४९ मतांनीं संमत झाला. ब्लेअर यांच्या स्वतःच्या पक्षांतील १३९ सभासदांनीं युद्धाविरुद्धच्या उपसूचनेस मत दिलें होतें. हुजूर पक्षाचे बहुतेक सभासद मात्र सरकारच्या बाजूस उभे राहिले. दोन्ही मोठे पक्ष जेथें मिळतात तोच जर मध्य, तर हा निर्णय अगदीं मध्यावरचा म्हटला पाहिजे. आणि महिन्यापूर्वीं लंडनच्या रस्त्यांतून युद्धाविरुद्ध मिरवणूक काढणारे लाखों लोक टोकाचे ठरतात. २०१६ च्या जुलैंत चिल्कॉट चौकशीचा अहवाल बाहेर पडला, आणि शांततेचे उपाय संपण्यापूर्वींच युद्ध पुकारलें गेलें, असा त्यानें ठपका ठेविला. दोघे एकत्र आले म्हणून खोटें खरें होत नाहीं. पंचांतील बहुतेकांचें एकमत झालें तरी साक्षीपुरावा पाहावाच लागतो.

आतां शेवटचें उदाहरण, २०२४ सालचें. ४ जुलै रोजीं सर कीर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखालीं मजूर पक्षानें ६५० पैकीं ४११ जागा जिंकल्या. हा आंकडा १९९७ च्या जवळपासचा. पण मतें पाहिलीं तर शेंकडा ३३.७ एवढींच, आणि मतदानास आलेले लोक शेंकडा साठांच्या आसपास. रिफॉर्म पक्षास शेंकडा १४.३ मतें पडूनहि पांच जागा मिळाल्या, आणि त्याहून कमी मतें पडलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षास ७२ जागा मिळाल्या. विजयाचा विस्तार मोठा होता, खोली मात्र बेताची होती. प्राप्तीवरील कर, राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि विक्रीवरील कर सामान्य कामकरी लोकांसाठीं वाढविणार नाहीं, असें पक्षानें आधींच सांगून टाकलें होतें. म्हणजे मध्याचें आश्वासन होतें, पण तिजोरीची किल्ली स्वतःच्याच हातानें अर्धी फिरवून ठेविली होती.

परिणाम लवकरच दिसला. त्याच महिन्यांत, हिंवाळ्यांत घर उबदार ठेवण्यासाठीं वृद्धांस मिळणारा भत्ता बहुतेकांचा बंद करण्याचें जाहीर झालें. लोक इतके चिडले कीं, २०२५ च्या जूनमध्यें सरकारला हा निर्णय मोठ्या प्रमाणांत मागें घ्यावा लागला. कुटुंबांस दोनांहून अधिक मुलांसाठीं भत्ता न देण्याचा २०१७ पासून चालत आलेला नियम रद्द करा, म्हणून सरकारविरुद्ध मत देणाऱ्या आपल्याच सात सभासदांना पक्षानें जुलै २०२४ मध्यें दूर केलें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांतील अंदाजपत्रकांत तोच नियम रद्द करण्याचें जाहीर केलें. काटकसरीसाठीं घेतलेल्या निर्णयानें आपले दुखावले, तो फिरविल्यानें परक्यांना दुर्बळपणा दिसला. २०२५ च्या मे महिन्यांतील स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म पक्षानें दोन्ही जुन्या पक्षांना मागें टाकलें. मध्यावर उभें राहण्याचें येथें कोणतेंच फळ मिळालें नाहीं, कारण तेथें उभें राहून काय बांधावयाचें, हें लोकांस कळलें नव्हतें.

कोणी म्हणेल, मध्यम मार्गाची ही उठाठेव हवीच कशाला? लोकांनीं ज्या पक्षाला निवडलें त्यानें आपलेंच धोरण चालवावें. तें आवडलें नाहीं तर पांच वर्षांनीं लोक त्याला काढतील. या म्हणण्यांत तथ्य आहे. मतें एका गोष्टीसाठीं मागावयाचीं आणि राज्य दुसऱ्या गोष्टीसाठीं करावयाचें, ही मतदारांची फसवणूकच होय. परंतु पार्लमेंटांतील जागा हें लोकमताचें प्रतिबिंब असलें तरी हा आरसा सपाट नसतो, हें १९५१ आणि २०२४ या दोन निकालांवरून स्पष्ट दिसतें. शिवाय एकत्र कुटुंबांत कर्तेपण एकाकडे आलें म्हणून इतरांचे हक्क नाहींसे होत नाहींत. उलट ज्यांच्या हातीं किल्ल्या नाहींत त्यांच्या ताटाकडे कर्त्यानें आधीं पाहावें, अशीच आपल्याकडील चांगल्या घरांची रीत होती. विजयी पक्षालाहि ती लागू आहे.

मग नव्या सरकारची परीक्षा कशी करावी? आमच्या मतें तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, त्यानें मतें मागतांना जें सांगितलें तें तत्त्व म्हणून राखलें काय, आणि तडजोड केली ती तपशिलांत केली काय? दुसरा, निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांचें म्हणणें तो घेण्यापूर्वीं ऐकलें काय, मग ते पार्लमेंटांत बसलेले असोत वा नसोत? आणि तिसरा, उद्यां प्रतिपक्ष अधिकारावर आला तर यांतील काय काय तो जसेंच्या तसें ठेवील? पहिल्या प्रश्नांत मॅक्डोनल्ड नापास झाले आणि बेव्हन पास झाले. दुसऱ्यांत सोलापूर, पंजाब व इराक यांच्या बाबतींत मोठमोठीं सरकारें नापास झालीं. तिसऱ्याचें उत्तर तर ताबडतोब मिळतच नाहीं. आरोग्यसेवेचें मिळावयास आठ वर्षें लागलीं. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं 'हा पक्ष मध्यावर आहे' किंवा 'टोकाला गेला' असा निवाडा देणाऱ्यांच्या घाईचें आम्हांस नवल वाटतें.

उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि अंगणांतहि पाडतो; आमच्या शास्त्रांत याला देहलीदीपन्याय म्हणतात. विजयी पक्षाची जागा अशी उंबरठ्यावरची असावी, घरचे आणि अंगणांतले दोघेहि त्याच्या उजेडांत यावे. मात्र दिव्यांत तेल पाहिजे. नुसती जागा साधून भागत नाहीं. वाचकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, आपल्या देशांत, प्रांतांत किंवा नगरपालिकेंतहि निवडणुकीचा निकाल लागेल त्या दिवशीं, आपला पक्ष जिंकला असो वा हरला असो, वरील तीन प्रश्न एखाद्या वहींत टिपून ठेवावे. आणि मुदत संपून पुनः मत देण्याची वेळ येईल तेव्हां, जाहीरनामे हातीं घेण्यापूर्वीं, घरांतील सर्वांनीं मिळून तें पान एकदां वाचावें.